आधी शेअर बाजार, मग घरचे

कारखान्यात माणूस दगावला की कंपनी कुणाकुणाला कळवते, तो क्रम एकदा नीट बघा. पोलिसांना कळतं. फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं. आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर मोठ्या आगीनं किंवा स्फोटानं काम बंद पडल्याची खबर जास्तीत जास्त चोवीस तासांत बाजारालाही द्यावी लागते. सेबीच्या लिस्टिंग नियमांतलं हे ३० वं कलम. त्या खबरीत काय काय लिहायचं तेही ठरवून दिलेलं आहे: अंदाजे नुकसान किती, त्याला विम्याचं संरक्षण आहे का, असल्यास किती रकमेचं. किती माणसं गेली, हा रकाना त्यात नाही.

सेबीवर माझा राग नाही. गुंतवणूकदाराला सांभाळणं हे तिचं कामच आहे, आणि माझीही दर महिन्याला एसआयपी जाते, म्हणजे तो कागद काही अंशी माझ्यासाठीच लिहिलेला असतो. माझा प्रश्न वेगळा आहे. जी कंपनी माझ्यासारख्या अनोळखी माणसाला एका दिवसात लेखी कळवू शकते, ती मेलेल्या कामगाराच्या बापाला महिना उलटला तरी एक ओळ का लिहीत नाही?

आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावला जिंदाल पॉली फिल्म्सच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. पहिल्याच दिवशी दोन कामगार महिलांचा मृत्यू आणि सतरा जखमी अशी बातमी आली. मुख्यमंत्री त्याच दिवशी आले, मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर झाले, चौकशीचा आदेश झाला. मे २०२५ मध्ये त्याच कारखान्याला पुन्हा आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. पहिल्या चौकशीतून काय निघालं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं, हे मुंढेगावच्या शाळेच्या भिंतीवर मराठीत लावलेलं असतं, तर दुसऱ्या आगीच्या रात्री लोकांना निदान आपण कशाशेजारी झोपतो हे ठाऊक असतं. नागपूरजवळ बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ ला सोलर इंडस्ट्रीजमध्ये नऊ कामगार गेले, त्यात सहा बायका. पुण्याजवळ पिरंगुटला ७ जून २०२१ ला एसव्हीएस ॲक्वामध्ये सतरा, त्यात पंधरा बायका. दर वेळी आपल्याला दोन आकडे पाठ होतात, मेलेल्यांचा आणि मदतीचा. कारण मात्र आठवत नाही, कारण ते आपल्यापर्यंत कुणी आणूनच दिलेलं नसतं.

कंपन्यांची निवेदनं वाचायची मला खोड आहे. त्यांत ‘घटना’ नेहमी ‘दुर्दैवी’ असते. ‘सर्व सुरक्षा नियमांचे पालन’ झालेलं असतं. कंपनी ‘कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी’ असते. या वाक्यांना कर्ता नसतो. कुणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप घडलेलं असतं. जाहिरातीत आणि वर्धापनदिनाच्या फ्लेक्सवर कामगार हा ‘आमच्या परिवाराचा सदस्य’ असतो. तोच कोर्टातल्या कैफियतीत ‘आमचा कर्मचारी नसून ठेकेदाराचा इसम’ होतो. एकाच माणसाबद्दल एकाच कंपनीची दोन विधानं, एक प्रसिद्धी विभागाचं, एक वकिलाचं. दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी छापली तर लाज वाटावी, म्हणून ती कधी एका कागदावर येत नाहीत.

२०२४ साली आमच्या सटाण्यातल्या मोहल्ल्यातला एक पंचविशीचा मुलगा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात गेला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, दावा चालू आहे. ठेकेदारामार्फत हेल्पर होता, ईएसआयमध्ये नोंद नव्हती. चालू मशीन साफ करताना ओढला गेला, एवढंच घरी सांगण्यात आलं. जनाजा झाला, आणि जियारतीच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदार, कंपनीचा एक माणूस आणि आमच्यातलेच एक बुजुर्ग असे तिघे घरी आले. बरोबर चार लाखांचा चेक आणि स्टॅम्प पेपर. इंग्रजी-मराठी कायद्याची भाषा वाचायला म्हणून मला बोलावलं. ‘मयत हा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मरण पावला असून कंपनीविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.’ खाली एक कलम, वर्तमानपत्र किंवा अन्य कोणाशीही या विषयावर बोलणार नाही. त्याची बायको इद्दतीत. पडद्याआड कागद सरकवून तिची सही घ्यायची असं ठरवूनच ते आले होते.

मुलाच्या वडिलांनी सगळा कागद माझ्याकडून ऐकून घेतला आणि म्हणाले, “कितने बजे गया वो, इतना तो लिख देते.”

त्या कागदावर वेळ नव्हती. कोणतं मशीन ते नव्हतं. शेजारी कोण होतं, दवाखान्यात कधी नेलं, नेताना जिवंत होता का, काहीच नव्हतं. कंपनीच्या माणसाकडे अपघाताचा अहवाल मागितला तर म्हणाला, नियमात बसत नाही. ज्या गावानं दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या मामलेदाराचं देऊळ बांधलं, त्या गावात येऊन हा माणूस नियमाबद्दल बोलत होता.

आता नियमच बघू. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा तेव्हा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. जुन्या कायद्याचा हिशेब असा: मृत्यू झाला तर मासिक पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. पगार पंधरा हजारांपर्यंतच धरायचा. पंचविसाव्या वर्षाचा गुणांक २१६.९१. म्हणजे साडेसात हजार गुणिले २१६.९१, सोळा लाख सव्वीस हजार आठशे पंचवीस रुपये. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात येतो हा आकडा, आणि समोर चार लाखांचा चेक ‘माणुसकीच्या नात्यानं’ म्हणून ठेवलेला होता. शिवाय त्याच कायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणे मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात देऊन चालतच नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. १७ व्या कलमाप्रमाणे कामगाराचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. १२ व्या कलमाप्रमाणे माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक जबाबदार. आणि ‘स्वतःचा निष्काळजीपणा’? सुरक्षेचं साधन काढून ठेवलं, हुकूम मोडला, हे बचाव मृत्यू झाला असेल तर भरपाईच्या दाव्यात चालत नाहीत, असं ३ ऱ्या कलमातच लिहिलेलं आहे.

मग ते वाक्य त्या स्टॅम्प पेपरवर कशासाठी होतं? या एका प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडलो होतो. कंपनीचे वकील सांगतात, माफी मागू नका, कारण सांगू नका, ते कबुलीसारखं होईल. पण या भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावीच लागत नाही! चूक कुणाचीही असो, काम करताना मेला, पैसे द्या. म्हणजे ‘आमचं चुकलं’ म्हटल्यानं हा आकडा एका रुपयानं वाढत नाही. गप्प राहून कंपनी वाचवते ती वरची माणसं, फौजदारी खटल्यापासून. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तर १०१ वं कलमच होतं, की मालकानं आपण पुरेशी काळजी घेतल्याचं दाखवून ‘खरा गुन्हेगार’ म्हणून दुसऱ्या कुणाला कोर्टापुढे उभं केलं तर तो स्वतः सुटू शकतो. मेलेला माणूस त्या जागेवर सगळ्यात सोयीचा. तो साक्ष देत नाही. त्याच्या बापाची सही घेतली की झालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा सर्व्हर चाळीस मिनिटं बंद पडला तर त्यावर अहवाल लिहावा लागतो. त्याला आम्ही ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतो, खरंच. मिनिटामिनिटाची नोंद असते, कुठली सूचना कधी आली, कुणी कधी पाहिली, काय करायचं राहिलं. बऱ्याच कंपन्या तो ग्राहकांना पाठवतात. आणि त्यात ‘ऑपरेटरची चूक’ हे मूळ कारण म्हणून लिहिलं तर कुठलाही बरा मॅनेजर कागद परत पाठवतो. माणूस चुकणारच आहे, मग एका माणसाच्या एका चुकीनं सगळं कोसळेल अशी रचना कुणी केली, ते लिही म्हणतो. झाकण उघडल्यावर मशीन बंद पडायला हवं होतं, ते का पडलं नाही? ही अक्कल आपल्या देशात आहे, तिला पगारही चांगला मिळतो. फक्त ती सर्व्हरसाठी राखून ठेवलेली आहे. (आमच्या क्षेत्राची फार टिमकी वाजवू नये हेही खरं. २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंगच्या पुणे कार्यालयातली एक तरुण सीए गेली. तिच्या आईनं इंग्रजीत पत्र लिहून, अंत्यविधीला कंपनीचं कुणीही आलं नाही असं म्हटलं, ते पत्र देशभर फिरलं, आणि मग सगळ्यांना दुःख झालं. नंतर कामगार खात्याला आढळलं की त्या कार्यालयाची दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच २००७ पासून नव्हती. आईला तसं पत्र लिहिता आलं नसतं तर?)

मेलेल्यावर बोट ठेवण्याची किंमत किती मोठी होऊ शकते, हे पाहायचं तर भोपाळला जावं लागेल, पण १९८४ च्या नव्हे, १९८१ च्या. त्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मोहम्मद अशरफ नावाचा कामगार फॉस्जीन अंगावर उडून मेला. कंपनीनं बोट ठेवलं ते त्याच्यावर: त्यानं मुखवटा काढला. विषय मिटला. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच पथकानं कारखान्यात गंभीर धोके नोंदवले. पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षी शहराला ओरडून सांगत होते. दोन वर्षांनी काय झालं ते जगाला माहीत आहे. आणि त्यानंतरही कंपनीनं तोच डाव मोठ्या पटावर मांडला: एका नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. त्यासाठी आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेकडून अभ्यास करवून १९८८ मध्ये लंडनच्या परिषदेत तो सादर झाला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरमध्ये तडजोड. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं भारतीय अधिकाऱ्यांवरचा सदोष मनुष्यवधाचा आरोप ३०४-अ पर्यंत खाली आणला. त्या खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश अहमदी होते, आणि पुढे तेच भोपाळच्या हॉस्पिटल ट्रस्टचे अध्यक्ष झाले. आपल्यातला मोठा माणूस म्हणून आपण त्यांचं नाव कौतुकानं घेतो, तर हेही घ्यावं. २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची.

आपल्यातल्या माणसांचा विषय निघालाच आहे तर त्या बुजुर्गांबद्दलही लिहितो. ते वाईट नाहीत. मोहल्ल्यात कुणाचं लग्न अडलं, कुणाचा दवाखाना अडला, ते धावतात. म्हणूनच कंपनी त्यांना शोधून काढते. त्या दिवशी ते ‘सब्र करो, अल्लाह की मर्जी’ म्हणाले तेव्हा ते दुःखी होते, यात मला शंका नाही. पण सब्र विधवेनं करायचा आणि सही कंपनीला मिळायची, ही वाटणी कुणी केली? इद्दतीतल्या बाईला आपण उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, तिच्या पुन्हा लग्नाचं उघड बोलणंही करत नाही. मग तिच्या नवऱ्याच्या जिवाचा सौदा त्याच दिवसांत, त्याच घरात कसा चालतो? ज्यांना इथं दीनचा आधार घ्यायचा आहे त्यांनी सूरह निसाची ९२ वी आयत काढून बघावी. चुकून झालेल्या हत्येतही दियत ही वारसांना देणं लागते. माफ करायची तर ती वारसांनी, मध्यस्थानं नव्हे. आणि ज्याच्या हातून जीव गेला त्याच्यावर पैशांखेरीज वेगळं प्रायश्चित्तही आहे. ‘पैसे दिले, विषय संपला’ असं तिथं कुठंही नाही. कामगार न्यायालयात शरियत चालवा असं मी म्हणत नाही, तिथं देशाचा कायदा पुरेसा आहे. पण धर्माचं नाव घेऊन तो कायदा झाकला जात असेल, तर तेवढं सांगणं आपल्यावर आहे.

त्या घरानं सही केली नाही. चेक परत गेला. दावा दाखल आहे, तारखा पडतात, आणि चार लाख घेतले असते तर बरं झालं असतं असं मोहल्ल्यात अधूनमधून कुणीतरी म्हणतं. घर चालवायचं असतं, त्यामुळे असं म्हणणाऱ्यावर मी चिडत नाही. मी चिडतो ते त्या कागदावरच्या गप्प बसण्याच्या कलमावर. हे कलम आज कायद्यानं टिकणारं नाही, पण पोलिसाची पायरी न चढलेल्या माणसाला ते टिकणार नाही हे कोण सांगणार?

म्हणून सरकारकडे आपली मागणी एवढीच असावी: जो कागद बाजाराला जातो तो त्याच दिवशी मृताच्या घरी जावा, त्याला समजेल अशा भाषेत, वेळ, जागा आणि मशीनसह. कंपनी नोंदलेली नसली तरीही. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा चौकशी अहवाल वारसांना न मागता मिळावा. नव्या सुरक्षा संहितेत मृत्यूबद्दल किमान पाच लाख दंडाची तरतूद आहे, आणि त्यातला किमान निम्मा वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. या अधिकाराचा वापर किती खटल्यांत झाला, हे दर वर्षी जाहीर व्हावं.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या भागातल्या प्रत्येक मशिदीच्या फलकावर मराठी आणि उर्दूत एक पान लागू शकतं: मयतीनंतर चाळीस दिवस कुठल्याही कागदावर सही नाही, आणलेल्या कागदाचा फोटो आधी काढून घ्या, हजेरी आणि पगाराची जी काही चिठ्ठी घरात असेल ती जपून ठेवा, फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या अहवालासाठी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो अर्ज लिहायला वकील लागत नाही. मोहल्ल्यात इंजिनिअर झालेली पोरं आता पुष्कळ आहेत.