मार्कंड्याच्या मंदिराची दुरुस्ती इतकी किचकट का आहे? खडूच्या एका तुकड्यातून समजून घ्या

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेव आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. मंदिराचं कोरीवकाम पाहून अनेक जण त्याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात.

पण गेली काही वर्षं या मंदिराची चर्चा होते ती रखडलेल्या दुरुस्तीमुळे. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. "दगड तर तिथेच आहेत, मग परत बसवायला इतकी वर्षं कशाला?" हा भाविकांचा प्रश्न रास्त आहे.

त्याच्या उत्तराचा एक भाग शाळेच्या वर्गात सापडतो. त्यासाठी खडू, पाण्याची पिशवी आणि दोन-चार विटा पुरेशा आहेत.

प्रयोग काय आहे?

दोन बाकांमध्ये साधारण ६ सेंटीमीटर फट ठेवा आणि त्यावर एक खडू आडवा टाका. खडूच्या मधोमध दोरीने पिशवी अडकवा आणि मापाने थोडं थोडं पाणी ओता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. खडू मोडला की किती पाणी झालं ते लिहून ठेवा. पिशवीखाली बादली ठेवायला विसरू नका.

आता फट ३ सेंटीमीटर करा आणि तसाच दुसरा खडू घ्या. आधीच्या जवळपास दुप्पट वजन तो पेलेल.

शेवटी सारख्या उंचीचे तीन खडू मळलेल्या मातीच्या गोळ्यांत सरळ उभे करा. त्यांच्यावर फळी ठेवा आणि फळीवर एकेक वीट अलगद रचत जा. आडवा असताना थोड्याशा पाण्याने मोडलेला खडू उभा राहून कितीतरी जास्त ओझं उचलतो.

खडू तोच आहे. मग फरक कशामुळे पडला?

दाब आणि ताण

उभ्या खडूवर फक्त दाब येतो. आडवा खडू मात्र वाकतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका. वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खडू दाब सहज सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून तडा नेहमी खालून सुरू होतो.

दगडाचंही तेच आहे. बहुतेक दगडांची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या दहाव्या-विसाव्या भागाइतकीच असते.

जुन्या दगडी मंदिरांत इतके खांब का असतात, हे आता लक्षात येईल. खांब शोभेसाठी तर आहेतच, पण दोन खांबांमधलं अंतर कमी ठेवणं ही दगडाची गरज होती. अंतर दुप्पट केलं, तर तेवढ्याच जाडीच्या आडव्या शिळेत तिच्या स्वतःच्याच वजनाने येणारा ताण चौपट होतो. छत करताना प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेण्यामागेही हेच कारण आहे.

मार्कंड्यात काय घडलं?

पूर्वी कधीतरी मुख्य मंदिरावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग महामंडपाच्या छतावर कोसळला आणि पुढे एका गोंड राजाने दुरुस्ती करून घेतली, असं सांगितलं जातं. छताच्या शिळा स्वतःचं वजन शतकानुशतकं पेलतात. अचानक वरून पडलेलं ओझं त्यांना झेपत नाही.

अशा इमारतीत एक खांब किंचित खचला, तरी वरच्या शिळेतला ताण बदलतो. म्हणून नुसती फट बुजवून भागत नाही. काही वेळा दगड क्रमांक टाकून उतरवावे लागतात, पाया तपासावा लागतो आणि प्रत्येक दगड मूळ जागी बसवावा लागतो.

आधार देऊन काम भागणार नाही का?

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक किस्सा दिला आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांच्या आधारावर आडवा ठेवला होता. मध्येच मोडू नये म्हणून कुणीतरी मधोमध तिसरा आधार दिला. काही महिन्यांनी टोकाचा एक आधार कुजून खाली बसला. सगळा भार मधल्या आधारावर आला आणि खांब नेमका तिथेच मोडला. म्हणजे चुकीच्या जागी दिलेला टेकूही घातक ठरू शकतो.

लोखंडाचंही तसंच. ग्रीसमधल्या पार्थेनॉन मंदिराच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या वापरल्या होत्या. त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर तडकू लागला. पुढे त्या काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या.

तुमच्या घराशी याचा संबंध काय?

काँक्रीट हाही एक प्रकारचा दगडच आहे. म्हणून स्लॅबमध्ये लोखंडी सळई घालतात, आणि दोन भिंतींमधल्या स्लॅबच्या मधल्या भागात ती खालच्या बाजूला असते, कारण ताण तिथे येतो. बाहेर आलेल्या सज्जात मात्र ताण वरच्या बाजूला येतो, त्यामुळे मुख्य सळई वर हवी. काम चालू असताना पायाखाली तुडवून ती खाली गेली, तर सज्जा धोक्यात येतो. घरकुल बांधत असाल, तर स्लॅब टाकण्याआधी एवढं नक्की पाहा.

गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांना ताण सोसणारी वस्तू नवी नाही. खडूच्या जागी तेवढ्याच जाडीची बांबूची काडी ठेवून पाहा. ती वाकेल, पण खडूसारखी पटकन मोडणार नाही. बांबूचे लांब तंतू ताण सोसतात आणि ते सालीकडे जास्त दाट असतात.

मग उशीर योग्य आहे का?

काम किचकट आहे, हे सावकाश जाण्याचं कारण होऊ शकतं. काम बंद ठेवण्याचं ते कारण नाही. सांधे उघडे राहिले तर दर पावसाळ्यात पाणी आत मुरतं आणि नुकसान वाढत जातं.

म्हणून "कधी पूर्ण होणार?" या प्रश्नाला आणखी तीन प्रश्न जोडायला हवेत. उतरवलेल्या प्रत्येक दगडाची नोंद आणि छायाचित्र आहे का? पाया आणि खांब तपासले का, त्यात काय आढळलं? आणि पुढच्या पावसाळ्याआधी कोणता भाग बंदिस्त होणार?

या प्रश्नांची उत्तरं यात्रेला येणाऱ्या भाविकांना मराठीत, मंदिराच्या आवारातच फलकावर वाचायला मिळाली पाहिजेत.