बेटांची सफर आणि पनवेलचा उंबरठा

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली की, पांढरपेशा कुटुंबांत पूर्वी माथेरान की महाबळेश्वर, एवढाच प्रश्न उपस्थित होत असे. आता त्या यादीत समुद्रसफरीची भर पडली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप या दिशांना ‘एम्प्रेस’ या मोठ्या प्रवासी नौकेच्या सफरी सुरू झाल्या. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत’ मोहिमेची घोषणा केली आणि २०२९ पर्यंत अशा प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरील नव्या प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन झाले. नौका आली, धक्का बांधला गेला. परंतु नौकेवर चढण्यापूर्वीच्या आणि नौकेवरून उतरल्यानंतरच्या दिवसांचा विचार मात्र शासनाने आणि प्रवाशांनीही फारसा केलेला दिसत नाही.

हा प्रश्न पनवेलकरांच्या अंगणातला आहे. पनवेल हे मुळात बंदरच. खाडीतून मुंबईशी चालणाऱ्या व्यापारावर या गावाची पेठ वाढली. रस्ते आणि रेल्वे आल्या, खाडीत गाळ साचला, आणि पनवेलची ओळख ‘एस.टी. बदलण्याचे ठिकाण’ एवढीच उरली. आता चक्र पुन्हा फिरले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. नागपूरचा किंवा दिल्लीचा प्रवासी येथे उतरून सेतूवरून थेट मुंबई बंदरात पोहोचू शकतो. तो रायगड जिल्ह्यात क्षणभर तरी थांबणार की केवळ धूळ उडवीत निघून जाणार, याचे उत्तर आज ठरावयाचे आहे.

समुद्रसफरीचे पहिले व्यावहारिक सूत्र असे, की नौका ज्या दिवशी सुटते त्याच दिवशी घर सोडू नये. नौका प्रवाशासाठी थांबत नाही आणि तपासणीची दारे ती सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. पनवेलहून हार्बर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले की बॅलार्ड पिअर जवळच आहे, हे खरे. परंतु रविवारच्या मेगाब्लॉकचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना अधिक सांगणे नको. तेव्हा एक दिवस हाताशी राखून ठेवावा. तो दिवस सत्कारणी लावण्याजोगी स्थळे याच जिल्ह्यात आहेत. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचे आहे. पहाटे निघाल्यास अभयारण्य आणि किल्ल्याचा सुळका एका सकाळीत पाहून होतो. घारापुरीची लेणी मुंबईची म्हणून ओळखली जातात. वस्तुतः ते बेट उरण तालुक्यातले आहे. १९८७ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे लक्षात न ठेवल्याने अनेकांचा दिवस वाया जातो.

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहणाऱ्याने तर पंचांगच उघडावे. आंग्र्यांच्या आरमाराच्या या ठाण्याकडे ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. कोकणातील जुने दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढीत. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हा आडाखा ढोबळ आहे. किनाऱ्यावर विचारूनच पाण्यात पाय घालावा. तरीही वर्गात चंद्रकला शिकविणाऱ्या शिक्षकाला याहून चांगला प्रयोग कोणता मिळेल?

आता नौकेवरील दिवसांविषयी. चार-पाच दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष बेटावरचा काळ काही तासांचाच असतो, हे जाहिरातीच्या चित्रावरून कळत नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळी कड्यांमुळे मोठी नौका दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. वारा वाढला की हे उतरणे रद्द होऊ शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रत्येकाने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: बेटावर नेमके किती तास मिळतील, उतरता न आल्यास परतावा काय, आणि १९६७ च्या नियमांनुसार आवश्यक असलेला प्रवेश-परवाना कोण काढणार. वर्षभराची काटकसर करून निघालेल्या कारकुनाच्या कुटुंबाला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

परंतु अधिकाराबरोबर मर्यादेचे भानही हवे. लक्षद्वीपच्या छत्तीस बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. त्यांपैकी दहा बेटांवर वस्ती आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६४ हजार. वाळूखाली साठणाऱ्या पावसाच्या पाण्याचा पातळ थर, हाच तेथील गोड्या पाण्याचा जुना आधार. तो अपुरा पडू लागल्यामुळे २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारावा लागला. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत तापलेल्या समुद्राने तेथील प्रवाळ पांढरे पडले. ज्या बेटाची वस्ती काही हजारांची, तेथे एका नौकेतून हजारावर माणसे एकाच दिवशी उतरली तर ताण पडणारच. केरळच्या कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाने चालविलेल्या सफरींत प्रवाशांनी दिवसा बेट पाहावे आणि रात्री नौकेवर झोपावे, ही पद्धत याच विवेकातून रूढ झाली.

दूरच्या बेटांविषयी बोलताना जवळच्या बेटाचा धडा विसरता येत नाही. घारापुरीला देशोदेशींचे पर्यटक अनेक दशके येत राहिले. पण तेथील गावकऱ्यांच्या घरांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून केबल टाकल्यावर. म्हणजे पर्यटकांची वर्दळ आणि स्थानिकांचे हित या दोन गोष्टी आपोआप एकत्र नांदत नाहीत. त्यांची सांगड मुद्दाम घालावी लागते.

ती घालण्याची संधी पनवेलला आज आहे. विमानतळावर आणि रेल्वे स्थानकात मराठीसह तीन भाषांतील माहितीकक्ष असावा. भरती-ओहोटीच्या व जलवाहतुकीच्या वेळा तेथे रोज लावल्या जाव्यात. कर्नाळा, अलिबाग आणि घारापुरी यांना जोडणारी एस.टी.ची एकदिवसीय फेरी नौकेच्या वेळापत्रकाशी जुळविलेली असावी. आणि विमानतळासाठी ज्यांची गावे उठली, त्यांच्या मुलांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण प्रथम मिळावे. यांपैकी कशालाही नव्या धक्क्याएवढा खर्च येणार नाही. प्रवासीसंख्या दुप्पट करण्याचे आकडे जाहीर करणाऱ्यांनी या साध्या गोष्टींची तारीखही जाहीर केली, तर त्या आकड्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाईल.