घाम वाळला नाही तर

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम आला की आमच्या मनातील एक जुनी बोच जागी होते. जोयडा तालुक्यातील मुले रानातली; शाळेसाठी रोज चार-पाच किलोमीटर वाट तुडविणाऱ्यांना धावणे शिकवावे लागत नाही. अशाच एका मुलास घेऊन आम्ही काही वर्षांपूर्वी अणशी घाट उतरून किनाऱ्यावरील स्पर्धेस गेलो होतो. पावसाने उघडीप दिली होती. दुपारचे दोन वाजले होते. अखेरच्या फेरीत तो सर्वांच्या पुढे होता. एकाएकी त्याची पावले वेडीवाकडी पडू लागली आणि सावरावयास धावलेल्या शिक्षकांना त्याने भलत्याच नावाने हाक मारली. अंग भट्टीसारखे तापलेले, पण घामाने निथळणारे. ‘घाम आहे, म्हणजे ऊन लागलेले नाही,’ असे आम्हीच मोठ्या शहाणपणाने बोललो. शेजारच्या घरातील एका आजींनी मात्र आमचे काही न ऐकता विहिरीचे पाणी शेंदून त्याच्या अंगावर घागरीमागून घागर रिती करविली. मुलगा वाचला. धावण्यापूर्वी पाणी पिऊ नये, पोटात कळ येते, हा उपदेशही सकाळी त्याला आम्हीच केला होता.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा आमचे अज्ञान किती घातक होते ते उमगले. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा खेळ नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या, असा सारा सरंजाम चढवून तो खेळतात आणि त्याचा सराव ऐन उन्हाळ्यात सुरू होतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर हा दीडशे किलो वजनाचा, अवघ्या सत्तावीस वर्षांचा खेळाडू ३१ जुलै २००१ रोजी सरावानंतर कोसळला व दुसऱ्या दिवशी गेला. रुग्णालयात त्याचे तापमान १०८ अंश फॅरनहाइटच्या वर भरले होते. अशा घटना बहुधा सरावाच्या पहिल्या काही दिवसांतच घडतात, कारण शरीराला उष्म्याची सवय व्हावयास दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून २००३ पासून तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना आरंभीचे काही दिवस पूर्ण साज चढवू देत नाहीत. आम्ही मात्र सकाळी घाट उतरविलेल्या मुलास दुपारी पळविले! किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाहतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही.

हे दूरदेशीचे कौतुक समजू नये. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीसाठी पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि चौघे तरुण प्राणास मुकले. गावाकडून आलेल्या अनेकांनी रात्री पदपथावर काढल्या होत्या. त्यानंतर शासनाने अंतर तीन किलोमीटरवर आणले. नोकरीच्या आशेने धावणारा मुलगा थांबत नाही, आणि शाळेचे नाव राखण्यासाठी धावणाराही थांबत नाही. थांबविणे हे आम्हा मोठ्यांचे काम.

धावता धावता खेळाडू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम असो वा नसो, तो उष्माघातच समजावा. तापाची गोळी येथे निरुपयोगी, कारण हा ताप रोगजंतूंचा नव्हे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवावे, डोके धरून ठेवावे. गाडीची वाट पाहत वेळ दवडू नये, आधी निववावे, मग हलवावे. अर्ध्या तासात अंग निवले तर बहुतेक जण वाचतात. अमेरिकेतील फालमाउथ येथील शर्यतीत अठरा वर्षांत २७४ धावपटूंना असा उष्माघात झाला. बर्फाच्या पाण्याची टाकी शेजारीच असल्याने एकही दगावला नाही.

यंदा आमच्या संघाबरोबर आम्ही एक मोठा प्लास्टिकचा टब धाडला. सामानाच्या यादीत तो पाहून क्रीडाशिक्षक हसले. मुले आंघोळीला चालली आहेत काय, असे त्यांनी विचारले. बर्फाची चिंता नव्हती, किनाऱ्यावर मासळीबाजारात तो हवा तेवढा मिळतो. शिवाय मुलांना दोन दिवस आधीच खाली नेले आणि लांब पल्ल्याची शर्यत सकाळी घ्यावी असा अर्ज संयोजकांना केला. अर्ज मान्य झाला. टब कोरडाच परत आला. तो सध्या आमच्या कार्यालयात उपडा ठेवला असून त्यावर शिपाई वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवतो.