गाळ पकडणारी साखळी

भेंडी चिरताना सुरीला तार येते ना? भाजीत ती कुणालाच आवडत नाही. पण गुऱ्हाळावर तिचा मान मोठा! उसाचा रस काहिलीत उकळताना त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. मग रसातला मळ फेसाबरोबर वर येतो आणि तो झाऱ्याने काढून टाकतात.

असं का होतं? मळाचे कण इतके बारीक असतात, की एकेकटे ते लवकर वेगळे होत नाहीत. भेंडीच्या रसात साखळीसारखे लांबच लांब रेणू असतात. एका साखळीला पुष्कळ कण चिकटतात आणि त्यांचा पुंजका होतो. अशा साखळी-रेणूंना पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात.

आता साखर कारखान्यात चला. लातूर-नांदेडच्या मुलांना उसाच्या गाड्या काही नव्या नाहीत. कारखान्यात रसामध्ये चुना घालतात आणि मळ खाली बसवायला माणसाने तयार केलेला पॉलिमर वापरतात. त्याचं नाव पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. त्याच्या एकेका साखळीत लाखाहूनही जास्त कड्या असू शकतात! म्हणूनच 1000 लिटर रसाला दोन-चार ग्रॅम पुरतात. तळाशी बसलेला गाळ गाळून जो प्रेसमड निघतो, तो शेतात खत म्हणून जातो.

प्लास्टिकची पिशवीही पॉलिमरच, पण ती पाण्यात विरघळत नाही. याच्या कड्यांना मात्र पाण्याची ओढ असते. तरी घाई चालत नाही. पिठल्यात बेसन एकदम टाकलं की गाठी होतात ना? तसंच इथेही. पूड थोडी थोडी भुरभुरत टाकावी लागते. फार जोरात घुसळलं तर साखळ्या तुटतात. जास्त घातलं तर कणांवर लेप बसतो आणि ते एकत्रच येत नाहीत. म्हणजे प्रमाण महत्त्वाचं!

आणखी एक. या साखळीची सुटी कडी, म्हणजे अ‍ॅक्रिलामाइड, विषारी असते. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी सुट्या कड्या अगदी नगण्य असलेलाच पॉलिमर वापरावा लागतो.

पावसाळ्यात गोदावरी कशी गढूळ होते, ते नांदेडच्या मुलांनी पाहिलंच असेल. जलशुद्धीकरण केंद्रात असा गाळ तुरटीने खाली बसवतात. काही ठिकाणी जोडीला पॉलिमरही असतो. पण लक्षात ठेवा, गाळ बसला म्हणजे सगळे जंतू गेले असं नाही! त्यासाठी पाणी गाळून घेऊन क्लोरीन घालावंच लागतं. घरी शंका आली तर पाणी उकळून प्या. नितळ पाणी शुद्ध असेलच असं नाही.

करून पाहा : दोन भेंड्या चिरून अर्धा कप पाण्यात तासभर भिजवा. गढूळ पाण्याचे दोन सारखे ग्लास घ्या. एकात या चिकट पाण्याचा एक चमचा घाला, दुसऱ्यात एक चमचा साधं पाणी. दोन्ही हळूहळू ढवळा. कोणतं पाणी आधी निवळतं? वेळ वहीत लिहा. मग चमचे बदलून पाहा. पाणी मात्र पिऊ नका, झाडाला घाला!