चाबूक कोणाच्या पाठीवर?

तयार शर्ट घेताना कॉलरमागची चिठ्ठी आपण क्वचितच वाचतो. युरोपातल्या दुकानांत त्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘कंबोडिया’ असे छापलेले असते. बौद्धबहुल अशा या छोट्या देशात लाखो कामगार कपडे व पादत्राणे शिवून पोट भरतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

2001 पासून युरोपीय संघाने गरीब देशांच्या मालावरील जकात माफ केली. फक्त शस्त्रास्त्रे वगळली. एरवी बहुतेक कपड्यांवर सुमारे 12 टक्के जकात पडते. म्हणजे 100 रुपयांचा शर्ट 112 ला पडायचा, तो कंबोडियातून 100 लाच मिळू लागला. कारखाने वाढले, खेड्यातल्या मुलींच्या हाती पगार आला. अट एवढीच की, मानवी हक्क आणि कामगारांचे हक्क पाळावेत.

हुन सेन 1985 पासून पंतप्रधान होते. नोव्हेंबर 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रमुख विरोधी पक्षच बरखास्त केला. 2018 च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी सर्व 125 जागा घेतल्या. युरोपने 2019 मध्ये चौकशी लावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात विरोधी नेते केम सोखा यांची नजरकैद सैल झाली. धाकाने थोडे हलले, असे वाटले.

12 ऑगस्ट 2020 पासून सवलत अंशतः काढली गेली. काही कपडे व पादत्राणे, प्रवासी बॅगा आणि साखर यांवर जकात लागली. युरोपला जाणाऱ्या निर्यातीचा हा सुमारे पाचवा हिस्सा. कामगारांवर आधीच करोनाचे संकट होते, त्यात ही भर पडली.

आणि खुर्ची? मार्च 2023 मध्ये केम सोखांना 27 वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये हुन सेन यांचे चिरंजीव हुन मानेत पंतप्रधान झाले. दरम्यान 2022 मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार लागू झाला होता. राज्यकर्त्याला दुसरे दुकान सापडते; शिलाई यंत्रावरच्या बाईला सापडत नाही.

हुकूमशहाला सवलत चालूच ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. पण चाबूक उगारण्यापूर्वी तेथील कामगार संघटनांना विचारा आणि ज्यांचा रोजगार जाईल त्यांच्या पोटाची सोय आधी करा, एवढेच आमचे म्हणणे आहे. गुन्हा एकाचा आणि उपास दुसऱ्याला, याला न्याय म्हणत नाहीत.