निव्वळ सान्निध्याने सौहार्द नांदत नाही

भिन्न संस्कृतींची माणसे शेजारी राहू लागली, परस्परांशी बोलू लागली, की त्यांच्या मनांतील अढी आपोआप सुटते, हे मत आज सुशिक्षितांत इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागणे हेच अनुदारपणाचे लक्षण समजले जाते. या मताचा दाखला म्हणून गुरुग्रामचे नाव वारंवार घेतले जाते, आणि ते साहजिकही आहे. कारण 2016 पर्यंत गुडगाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात जपानी अभियंता, हरियाणवी जमीनदार, बिहारी पहारेकरी, घरकामाला येणारी बंगाली बाई आणि पुण्याहून आलेला संगणक-अधिकारी हे सर्व हाकेच्या अंतरावर राहतात. परंतु अंतर मिटले म्हणजे दुरावाही मिटला, हा सिद्धान्त अनुभवाच्या आणि शास्त्राच्या, दोन्ही कसोट्यांना उतरत नाही, असे आमचे स्पष्ट प्रतिपादन आहे.

सकाळच्या प्रहरी येथील एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहावे. घरकामाच्या बायका येतात, पहारेकरी त्यांची नोंद घेतो, पुष्कळ इमारतींत त्या रहिवाशांच्या लिफ्टने न जाता सेवेसाठी राखलेल्या लिफ्टने वर जातात, आणि परतताना कित्येक ठिकाणी त्यांना पिशवी उघडून दाखवावी लागते. ज्या बाईला त्या घरातील चहात साखर किती आणि धाकट्या मुलाला कोणते औषध सोसत नाही हे ठाऊक असते, तिचा जिल्हा कोणता, तिची मुले कोणाजवळ असतात, हे त्या घराला बहुधा ठाऊक नसते. जुलै 2025 मध्ये बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बंगाली बोलणाऱ्या मजुरांना पडताळणीसाठी ताब्यात घेण्याची मोहीम पोलिसांनी येथे चालविली आणि भयाने अनेक कुटुंबे शहर सोडून गेली, तेव्हा कचरा साचल्याच्या आणि घरकाम खोळंबल्याच्या तक्रारी उठल्या. वर्षानुवर्षांच्या सान्निध्याची निष्पत्ती जर एवढीच असेल, तर त्याला परिचय म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

संभाषणाचीही तीच गत. जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तशाखेने 1997 मध्ये येथे सेवाकेंद्र काढले आणि पुढे कॉल सेंटरच्या या धंद्याने शहराचे रूप पालटले. रात्रभर अमेरिकेशी बोलणाऱ्या तरुणांना उच्चार घासूनपुसून घ्यावे लागले आणि कित्येकांना कामापुरते परके नावही धारण करावे लागले. दूरध्वनीच्या पलीकडच्या ग्राहकाला मात्र त्यांच्याविषयी काहीही शिकण्याची गरज पडली नाही. जुळवून घेण्याचा सारा भार एकाच पक्षावर टाकणारे संभाषण कितीही तास चालले, तरी त्यातून परस्परज्ञान उपजत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात संपर्काने पूर्वग्रह निवळण्यास अनुकूल अशा चार अटी सांगितल्या: त्या प्रसंगी उभय पक्षांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते साधण्यास परस्परांचे साहाय्य लागावे, आणि या सर्वांस अधिकारी संस्थेचे पाठबळ असावे. यावर प्रतिपक्ष म्हणेल की पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा या अटी पुऱ्या नसतानाही संपर्काने पूर्वग्रह घटल्याचे आढळले. हे आम्हांस मान्य आहे. परंतु अटी जेथे जुळवून आणल्या होत्या तेथे परिणाम अधिक आढळला, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्राला तर हा धडा घरचाच आहे. समाज समता संघाची सहभोजने ज्यांच्या प्रेरणेने झाली, त्या डॉ. आंबेडकरांनीच 1936 मध्ये बजावले की नुसत्या सहभोजनाने जातीची भावना मरत नाही.

दुसरा एक पक्ष याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतो की संस्कृतींचे स्वभावच जुळत नाहीत, सबब दूर राहणेच श्रेयस्कर. आणि तो गुरुग्रामजवळच्या मानेसर येथील मारुती-सुझुकीच्या कारखान्यात झालेल्या दंग्याकडे बोट दाखवितो. 1983 साली गुडगावच्या कारखान्यातून मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली, तेव्हा सुझुकीच्या जपानी पद्धतीने साहेब आणि कामगार यांस एकच गणवेश आणि एकच उपाहारगृह लागू केले होते. साहेबी इतमामाची सवय जडलेल्या आपल्या दफ्तरांना तो मोठाच धक्का होता, आणि तरीही तो कारखाना भरभराटीस आला. स्वभाव जुळत नसते तर हे घडले नसते. पुढे मानेसरच्या कारखान्यात 18 जुलै 2012 रोजी दंगा व जाळपोळ होऊन मनुष्यबळ विभागाच्या भारतीय महाव्यवस्थापकाचा मृत्यू झाला. त्या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु तेथील तंट्याची मुळे शोधू जाता जपानी-भारतीय स्वभावभेद हाती लागत नाही. हाती लागतो तो कामगार संघटनेच्या मान्यतेचा वाद, कामाचा वेग आणि कायम व कंत्राटी कामगारांच्या वेतनातील मोठी तफावत. गणवेश समान होता, दर्जा समान नव्हता. दोष संपर्काचा नव्हे, अपुऱ्या समतेचा होता.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. समाजात समता असती तर पूर्वग्रहच राहिला नसता, मग समतेची अट घालणे म्हणजे साध्यालाच साधन मानणे नव्हे काय? याचे उत्तर गुरुग्रामला लागून असलेल्या दिल्लीने दिले आहे. सवलतीने सरकारी जमीन मिळालेल्या खाजगी शाळांना 2007 पासून 20 टक्के जागा गरीब मुलांना देणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. श्रीमंत मुलांच्या इंग्रजीच्या गुणांत किंचित घट आढळली. पण गरीब वर्गमित्रांच्या सहवासाने ती अधिक उदार झाली, आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याची प्रवृत्ती कमी झाली. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांच्या क्रमाने पाडले जात, त्यामुळे एका गटात बसून खरोखर संबंध येण्याचा परिणामही तपासता आला. घरांतील विषमता तशीच राहिली होती. वर्गाच्या चार भिंतींपुरती समता नियमाने निर्माण केली गेली, आणि तेवढ्यानेही मने पालटली. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून केलेला, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही हेच सांगतो: एका संघातून खेळणाऱ्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली, प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांत ती घटली.

म्हणून आमचा सिद्धान्त असा की परकेपणा शेजाराने जात नाही, तो बरोबरीच्या नात्याने केलेल्या सामाईक कामाने जातो, आणि अशा कामाची तजवीज बुद्धिपुरस्सर करावी लागते. गुरुग्रामच्या सोसायट्यांनी लिफ्टचा भेद आजच्या आज काढून टाकावा, आणि जे नियम घरकामगारांना व पहारेकऱ्यांना पाळावे लागतात त्यांच्या विचारविनिमयात त्यांच्या प्रतिनिधींना बसवावे. येथे गणेशोत्सव साजरा करणाऱ्या मराठी बांधवांना आमची विनंती आहे की त्या पहारेकऱ्याला केवळ आरतीला बोलावून प्रसाद हाती देऊ नका. उत्सवाच्या समितीत त्याला घ्या, जमाखर्च त्याच्यासमोर मांडा, आणि त्याचे मत तुमच्या मताइतकेच मोजा.