भाकरी का करपली?

लहानपणी ऐकलेले एक कोडे वाचकांस आठवत असेल. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरविल्यामुळे. भाकरी करपली म्हणून भाकरीलाच दोष देणारी गृहिणी आम्ही अद्याप पाहिलेली नाही. आपल्या देशातील रुग्णालयांत मात्र तेच चालले आहे.

अतिश्रमाने माणसाची उमेद आटते. ज्यांची शुश्रूषा करावयाची त्यांच्याविषयीच मन कोरडे होते. आणि आपल्या हातून काही भले होत आहे हा विश्वासही उरत नाही. या अवस्थेस हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली 'बर्नआउट' म्हटले. आपण तिला 'करपणे' म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले की, ही अवस्था रोग नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न निवारलेल्या ताणाचा तो परिणाम होय. याचा सरळ अर्थ असा की, औषध डॉक्टरला नव्हे, रुग्णालयाला पाजावयास हवे. आणि आपल्याकडे उपाय कोणते योजले जातात? ध्यानाचे वर्ग, योगाची शिबिरे आणि ताणाच्या व्यवस्थापनावर व्याख्याने! योगाशी आमचे वैर नाही. परंतु छत्तीस तास जागलेल्या तरुणास डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगणे ही त्याची थट्टा आहे. त्याला निजू द्यावे, एवढेच पुरे.

नियम नाहीत म्हणून हे घडते, असे मात्र कोणी समजू नये. निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक असू नये, असे केंद्र शासनाने १९९२ सालीच लिहून ठेवले आहे. त्यात 'सामान्यतः' हा शब्द होता, आणि 'कामाची निकड' हा अपवादही होता. या दोन फटींतून सारा नियम वाहून गेला. पुढे २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत 'वाजवी तास' असे शब्द आले, आकडा गेला. २०२४ साली आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. अठ्ठेचाळीसवरून 'वाजवी', आणि 'वाजवी'वरून चौऱ्याहत्तर! हिला प्रगती म्हणावे की माघार?

मोटार हाकणाऱ्याच्या श्रमांची काळजी आमच्या संसदेने १९६१ सालीच वाहिली. मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यात तिने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. कारण उघड आहे : पेंगणाऱ्या चालकाच्या हाती पन्नास प्रवाशांचे प्राण असतात. मग पेंगणाऱ्या डॉक्टरच्या हाती काय असते? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची हालचाल रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी मंदावते. आपला कायदा ०.०३ टक्क्यांपलीकडे गाडी चालवू देत नाही. म्हणजे ज्या अवस्थेत स्कूटर चालविणे सुरक्षित नव्हे, त्याच अवस्थेत अर्भकाच्या श्वासनलिकेत नळी घालावयास आम्ही खुशाल सांगतो.

यावर ज्येष्ठ मंडळींचे ठरलेले उत्तर असते : "आम्हीही असेच शिकलो." शिकला असाल, परंतु त्या झोपेच्या भरात कोणता रुग्ण दगावला, याची नोंद कोणत्या वहीत आहे? न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एक अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिच्या वडिलांनी निवासी डॉक्टरांच्या प्रदीर्घ पाळ्यांचा प्रश्न धसास लावला, आणि १९८९ साली त्या राज्यात आठवड्याला ८० तासांचे व सलग २४ तासांचे बंधन आले. तेही कडक नव्हे. पण तेवढ्यासाठीसुद्धा एका बापाला आपल्या मुलीचे मरण चव्हाट्यावर मांडावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रुग्ण फार, डॉक्टर थोडे, शिवाय पाळी बदलताना रुग्णाची माहिती हरवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु माहिती हरवत असेल तर ती नीट सोपविण्याची शिस्त लावावी; त्यासाठी माणूस जागा ठेवणे हा उपाय नव्हे. आणि मनुष्यबळाची तूट भरून काढण्याचा भार सर्वांत स्वस्त व सर्वांत मुक्या मनुष्याच्या झोपेवर टाकणे याला टंचाई म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. या चोरीला आपण 'सेवा' हे गोड नाव दिले आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरचा अत्याचार करून खून झाला. ती छत्तीस तासांच्या पाळीवर होती आणि सभाकक्षात पाठ टेकावयास गेली होती. त्यानंतर देशभर कॅमेरे, पहारेकरी आणि कुलुपे यांची चर्चा झाली. ती व्हावयासच हवी होती. परंतु त्या छत्तीस तासांची चर्चा किती झाली?

दोष आमचाही आहे. इंदूर असो, बडोदे असो वा हैदराबाद. आमच्या मराठी घरांत मुलगा डॉक्टर झाला की आम्ही पेढे वाटतो. रात्री अकराला त्याचा फोन आला नाही, तर 'कामात असेल' असे कौतुकाने म्हणतो. डॉक्टरला देव म्हणण्यात आमची एक सोय आहे : देवाला झोप लागत नाही. आणि तोच देव थकून एकदा तुसडेपणाने बोलला, की त्याच्या अंगावर हात टाकणारेही आम्हीच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, तेथे काम करणारा डॉक्टर किती तास जागा आहे, याचा फलक लावावा. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या नातेवाइकास तो वाचता यावा. तो आकडा लावावयास ज्या रुग्णालयास लाज वाटेल, त्याने पाळ्या बदलाव्यात.

भाकरीला उपदेश पुरे झाला. आता ती फिरवा.